लहान सॅम्पलचा रिफ्लेक्टन्स आणि ट्रान्समिशन : बेरीज १०० च्या वर जातेय, चूक कुठं आहे?

थर_नांदेड

कॅडमियम सल्फाइडची फिल्म आहे, केमिकल बाथ पद्धतीनं साध्या काचेवर घेतलेली. तुकडा १० × ८ मिमीचा, पण कडांना थर विरळ झालाय. एकसारखा भाग जेमतेम ५ × ६ मिमी. जाडी वजनातल्या फरकावरून साधारण ५०० नॅनोमीटर. मशीन डबल बीम स्पेक्ट्रोफोटोमीटर (एक बीम सॅम्पलवर, दुसरा तुलनेसाठी रेफरन्स बाजूला), १९० ते ११०० नॅनोमीटर, सोबत ६० मिमी व्यासाचा इंटिग्रेटिंग स्फिअर (आतून पांढरा पोकळ गोल, परतलेला सगळा प्रकाश गोळा करणारा), त्याचं सॅम्पल पोर्ट २० मिमीचं. ट्रान्समिशनसाठी (आरपार जाणारा प्रकाश, टक्क्यांत) तुकडा क्युव्हेट होल्डरच्या खिडकीवर टेपनं चिकटवायलो. रिफ्लेक्टन्ससाठी (परत येणारा प्रकाश, टक्क्यांत) पोर्टवर काळा कागद, त्याला मधे ५ मिमीचं भोक, आणि मागून तुकडा.

न जुळणाऱ्या गोष्टी अशा :

१. ५२० नॅनोमीटरच्या खाली ॲब्सॉर्बन्स (अडलेल्या प्रकाशाचा लॉगमधला आकडा) चढतो, पण ४८० ते ३५० पर्यंत १.३ वर सपाट होऊन बसतो.
२. त्याच मापाच्या कोऱ्या काचेचं ५५० ला ट्रान्समिशन ९१.९ आणि रिफ्लेक्टन्स १३.७ येतो. बेरीज १०५.६.
३. रिफ्लेक्टन्स ७०० च्या पुढं चढत जातो. फिल्मचाही आणि कोऱ्या काचेचाही.

याशिवाय झिंक फेराइटची फक्त ४० मिलिग्रॅम पावडर आहे. पावडर होल्डर भरायला दीड-दोन ग्रॅम लागते. तिचा बँड गॅप (ज्या ऊर्जेपासून पदार्थ प्रकाश शोषायला लागतो ती) काढायचाय, कसा काढावा?

---

काजळी (छत्रपती संभाजीनगर)

पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्या १.३ मध्येच आहे. फिल्मनं सगळा प्रकाश अडवला तरी ५ टक्के प्रकाश तुकड्याच्या कडेनं किंवा टेपमधून डिटेक्टरवर जातोय. पाच टक्के म्हणजे विसावा भाग, आणि २० चा लॉग १.३०. गळती २ टक्के असती तर तुमचा आलेख १.७ ला सपाट झाला असता. कॅडमियम सल्फाइडची शोषणाची कड २.४२ इलेक्ट्रॉन व्होल्टला, म्हणजे ५१२ नॅनोमीटरच्या आसपास असते. त्याच्या खाली ५०० नॅनोमीटर जाडीची फिल्म सपाट राहूच शकत नाही, ॲब्सॉर्बन्स वाढतच जायला हवा. कोऱ्या काचेवर ही गळती कळत नाही, कारण ९२ मध्ये पाच टक्के गळती मिसळली तरी आकडा अर्ध्या टक्क्यानंही हलत नाही. गडद सॅम्पल आलं की मगच ती दिसते.

खात्री करायची असेल तर सिलिकॉन वेफरचा १० × ८ मिमीचा तुकडा तोडून फिल्मच्या जागी तसाच चिकटवा. अर्धा मिमी जाडीचा सिलिकॉन ९५० नॅनोमीटरपर्यंत पूर्ण अपारदर्शक असतो. तिथं ट्रान्समिशन शून्य न येता जो आकडा येईल, ती तुमची गळती. १००० च्या पुढं सिलिकॉन स्वतःच प्रकाश सोडायला लागतो, तिथला आकडा धरू नका. हा तुकडा डबीत जपून ठेवा, रिफ्लेक्टन्सला परत लागेल.

आता बीम मोजा. खोलीत अंधार करा, तरंगलांबी ५५० वर ठेवा (मशीन शून्य नॅनोमीटर घेत असेल तर उत्तम, पांढरा प्रकाश मिळतो) आणि सॅम्पलच्या जागी पांढरं कार्ड धरून पेन्सिलनं कडा आखा. बहुतेक मशीनवर बीम अरुंद आणि उंच असतो. समजा तो २ मिमी रुंद आणि १० मिमी उंच निघाला, तर तुमचा ६ मिमीचा भाग उंचीला पुरणारच नाही. म्हणजे मास्क लागणार.

मास्क पितळेच्या ०.१ किंवा ०.२ मिमी जाडीच्या शिमचा (पातळ पत्र्याचा) करा. दोन लाकडी फळ्यांमध्ये घट्ट दाबून ३ मिमीचं ड्रिल मारा, नाहीतर पत्रा फाटतो. बर (भोकाच्या कडेला उरलेले धातूचे काटे) काढा आणि एका बाजूनं मोठ्या ड्रिलनं हलकी चॅम्फर (तिरका उतार) द्या, म्हणजे भोकाची कड धारदार राहते. बरेच नग लागणार असतील तर वाळूजला लेझर कटिंगवाल्याकडून काढून घेता येतील. काळं करायला रॉकेलच्या चिमणीची काजळी धरा. काळ्या कागदावर आणि काळ्या ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियमवर भरवसा ठेवू नका. त्यातला रंग डोळ्याला काळा दिसतो, पण ७०० च्या पुढं तोच पृष्ठभाग चांगला परावर्तन करायला लागतो. तुमचा तिसरा प्रश्न बहुतेक इथंच सुटतो. काजळी कार्बनची असल्यामुळं ११०० पर्यंत काळीच राहते.

मास्क होल्डरमध्ये कायमचा बसवायचा आणि सॅम्पल त्याच्या मागं सरकवायचं. सॅम्पल बदलताना मास्क हलता कामा नये. भोकाचं केंद्र बीमच्या उंचीवर हवं. ही उंची होल्डरच्या तळापासून काही मशीनवर ८.५ मिमी असते, काहींवर १५. १०० टक्क्यांची बेसलाइन (सॅम्पल नसतानाचं तुलनेचं माप) रिकाम्या मास्कसकट घ्या आणि शून्य बीम पूर्ण बंद करून. रेफरन्स बाजूलाही तसाच मास्क लावा, नाहीतर एका बाजूचा प्रकाश चौथाई आणि दुसऱ्या बाजूचा पूर्ण, अशी विजोड जोडी होते. २ × १० च्या बीममधून ३ मिमीच्या भोकातून २७-२८ टक्केच प्रकाश जातो. त्यामुळं गोंगाट दुप्पट होतो, आणि तो पहिल्याइतका खाली आणायचा तर चौपट वेळ द्यावा लागतो. स्कॅन सावकाश करा. स्लिट बदलता येत असेल तर ५ नॅनोमीटर ठेवा. तुमच्या फिल्ममध्ये त्याहून बारीक काही दिसायचं नाही.

टेपबद्दल : पिवळी पॉलिइमाइड टेप वापरत असाल तर ती ५०० च्या खाली स्वतः शोषते, म्हणजे नेमकं तुमच्या फिल्मच्या जागीच. कुठलीही टेप प्रकाशाच्या वाटेत नको, फक्त मागच्या कडेला.

आणखी एक, जे बरेचदा राहून जातं. केमिकल बाथमध्ये थर काचेच्या दोन्ही बाजूंना बसतो. मागची बाजू सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडात बुडवलेल्या कापसाच्या बोळ्यानं पुसून घेतली आहे ना? नसेल तर जाडी, फ्रिंजेस (थरातल्या परावर्तनांमुळं आलेखात येणाऱ्या लाटा), सगळंच चुकतं. पुसताना हायड्रोजन सल्फाइड सुटतो आणि बोळ्यावर कॅडमियम येतं. म्हणून फ्युम हूडखाली, हातमोजे घालून करा, आणि बोळे वेगळ्या बाटलीत जमा करा. बेसिनमध्ये धुऊ नका.

---

पांढरी_पेटी (लातूर)

ट्रान्समिशनचं काजळी भाऊंनी सांगितलंच आहे, मी रिफ्लेक्टन्सवर येतो.

साध्या काचेचा अपवर्तनांक १.५२ धरला तर एका पृष्ठभागावरून ४.३ टक्के प्रकाश परततो. दोन्ही पृष्ठभाग आणि आतल्या आत होणारी परावर्तनं धरून ८.२, आणि ट्रान्समिशन ९१.८. तुमचं ट्रान्समिशन बरोबर आहे, रिफ्लेक्टन्स साडेपाच टक्क्यांनी फुगलाय. हा जादाचा प्रकाश तुमच्या कागदाच्या खिडकीवरून आलेला आहे. स्फिअरच्या पोर्टवर बीमचा ठसा ५ मिमीपेक्षा मोठा असणार. पोर्टवर पांढरं कार्ड लावून तोही आखून बघा, क्युव्हेटच्या जागेवरचं माप इथं चालत नाही.

यावर तीन मापं घ्यायची, तिन्ही एकाच मास्कमधून :

क – मास्कच्या मागं काहीच नाही, फक्त प्रकाश गिळणारा सापळा.
म – मास्कच्या मागं प्रमाण पांढरी चकती.
न – मास्कच्या मागं सॅम्पल, आणि सॅम्पलच्या मागं तोच सापळा.

रिफ्लेक्टन्स = (न − क) ÷ (म − क) × चकतीचा रिफ्लेक्टन्स.

बेसलाइन मास्कमधूनच घेतली असेल तर म म्हणजे १००. समजा तुमच्या खिडकीचा क ५.९ आला. मग (१३.७ − ५.९) भागिले ९४.१, गुणिले ०.९९, म्हणजे ८.२. हा हिशोब प्रत्येक तरंगलांबीला वेगळा करायचा, कारण क हा आकडा नसून आलेख आहे. कागदाच्या बाबतीत तर ७०० च्या पुढं तो किती चढतो ते तुम्ही बघितलंच आहे. ०.९९ हा सिंटर्ड टेफ्लॉनच्या चकतीचा आकडा आहे. दाबलेल्या बेरियम सल्फेटला ०.९७-०.९८ धरावा लागेल.

सापळा विकतच घ्यायला हवा असं नाही. दाढीची ४०-५० ब्लेड एकत्र दाबून बांधा आणि धारेची बाजू प्रकाशाकडं ठेवा. पात्यांच्या फटीत शिरलेला प्रकाश बाहेर येत नाही. काळी मखमल डोळ्याला छान दिसते, पण रंगाच्या कपड्याची गत कागदासारखीच.

फिल्मच्या मागं पांढरी चकती ठेवून स्कॅन करायची सवय असेल तर ती मोडा. काच आणि फिल्म पारदर्शक आहे. प्रकाश मागं जाऊन चकतीवरून परत येतो आणि फिल्ममधून दोनदा जातो. आलेख ट्रान्समिशनसारखा दिसायला लागला की ओळखायचं, मागं पांढरं आहे.

हिशोब बरोबर चालतोय का, हे सिलिकॉनच्या त्याच तुकड्यावर तपासा. गुळगुळीत बाजू स्फिअरकडं. रिफ्लेक्टन्स ४०० ला ४८ च्या आसपास, ५५० ला ३७, ८०० ला ३३ यायला हवा. एक-दोन टक्के इकडंतिकडं चालेल. ३७ च्या जागी नुसता एक-दोन टक्के दिसला तर तुमचा बीम सॅम्पलवर सरळ शून्य अंशानं पडतोय आणि आरशासारखं परावर्तन आल्या वाटेनं बाहेर जातंय. ८ अंशाची बाजू किंवा वेज (सॅम्पल थोडं तिरकं धरणारी पाचर) वापरा.

मास्कच्या रंगाबद्दल माझं मत वेगळं आहे. स्फिअरकडच्या बाजूला मास्क पांढरा हवा. २० मिमीचं अख्खं पोर्ट काळं केलं की स्फिअरमध्ये फिरणारा प्रकाश कमी होतो, सिग्नल घसरतो. नळाला लावायच्या टेफ्लॉन टेपचे आठ-दहा पदर शिमवर ताणून लावले तरी काम होतं.

---

काजळी

पांढरा मास्क बीम भोकात पूर्ण मावत असेल तरच. बीम बाहेर सांडत असेल आणि मास्क पांढरा असेल, तर क ५.९ च्या जागी ४०-५० होतो. मग दोन मोठ्या आकड्यांतून लहान आकडा काढायचा, काचेचे ८ टक्के त्या वजाबाकीत बुडून जातात. थर_नांदेड यांचा बीम सांडतोय हे तर आकड्यांवरूनच दिसतंय. त्यांना काळाच मास्क हवा.

एक मात्र मान्य : काजळी स्फिअरमध्ये नको. ती झडते, आणि आतल्या पांढऱ्या लेपावर एकदा बसली की निघत नाही. स्फिअरसाठी कार्बनयुक्त मॅट काळा रंग फवारून दोन दिवस वाळू द्या. असा रंगही ३ ते ५ टक्के परत देतोच, म्हणून क घेणं चुकवायचं नाही.

---

पांढरी_पेटी

सांडणाऱ्या बीमला काळा, हे पटलं. पण मग आधी बीम लहान करायचा प्रयत्न करा. स्फिअरच्या अलीकडं, बीम आत शिरतो तिथं, २ मिमीचं भोक लावलं तर पोर्टवरचा ठसाच लहान होतो आणि वजाबाकी नावापुरती उरते. प्रकाश कमी होईल, पण जो असेल तो सॅम्पलवरच पडेल.

लेन्स लावून ठसा लहान करणारे असतात. साधी एकच लेन्स असेल तर ४०० आणि १००० नॅनोमीटरचा फोकस एका जागी येत नाही, ठशाचं माप तरंगलांबीबरोबर बदलत जातं. ट्रान्समिशनमध्ये १ मिमी काच आली की फोकस आणखी तिसरा हिस्सा मिमी मागं सरकतो. बेसलाइनमध्ये काच नव्हती, म्हणून हा फरक बेसलाइनमध्ये निघून जात नाही. आरशांचं ऑप्टिक्स नसेल तर मी भोकच वापरेन.

आता पावडर.

४० मिलिग्रॅम पुरते. टेफ्लॉनची चकती लेथवर घेऊन मधे ५ मिमी व्यासाचा, २ मिमी खोल खळगा करून घ्या. त्याचं घनफळ ३९ घन मिमी होतं. थापून बसवलेल्या पावडरची घनता १ ग्रॅम प्रति घन सेंमीच्या जवळपास असली तर ४० मिलिग्रॅममध्ये खळगा बरोबर भरतो. वरून स्लाइडच्या कडेनं सपाट ओढा, दाबून चकाकी आणू नका. चकाकणाऱ्या पृष्ठभागावरून येणारं परावर्तन पावडरच्या आत गेलेलंच नसतं, ते कुबेल्का-मुंकच्या सूत्राला (पावडरच्या रिफ्लेक्टन्सवरून शोषण काढायचं सूत्र) नको असतं. वर ४ मिमीचा काळा मास्क लावा आणि क, म, न तसंच घ्या. पावडर गळते म्हणून पुढं क्वार्ट्झची काच लावली, तर तीच काच म घेतानाही पुढं हवी.

झिंक फेराइट विटकरी-तपकिरी असतं, ५५० च्या खाली रिफ्लेक्टन्स फारच कमी येतो. तिथं कुबेल्का-मुंक फार नाजूक होतं. सूत्र असं : एक वजा रिफ्लेक्टन्स, त्याचा वर्ग, भागिले रिफ्लेक्टन्सची दुप्पट. रिफ्लेक्टन्स ०.०५ असेल तर उत्तर ९.०, शून्य चुकल्यामुळं तोच ०.०४ वाचला गेला तर ११.५. एक टक्क्याच्या चुकीनं उत्तर २८ टक्क्यांनी हललं. म्हणून खळग्यातलं माप झालं की तीच पावडर बेरियम सल्फेटमध्ये एकास एकोणीस मिसळा, म्हणजे ४० ला ७६० मिलिग्रॅम. अगेटच्या खलात हलक्या हातानं, रगडायचं नाही. नेहमीच्या होल्डरमध्ये खाली कोरं बेरियम सल्फेट दाबून भरा आणि वर हे मिश्रण दोन मिमी. म साठी कोरं बेरियम सल्फेटच. एकदा मिसळली की पावडर परत मिळत नाही, त्यामुळं एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकरचना बघणं) वगैरे आधी उरकून घ्या.

सूत्रात रिफ्लेक्टन्स टक्क्यांत घालू नका. ४० टक्के म्हणजे ०.४०, उत्तर ०.४५ येतं. ४० घातलं तर १९ येतं, आलेख उलटा होतो, आणि तरी टाऊक प्लॉटवर (बँड गॅप काढायचा आलेख, त्यातली सरळ रेष वाढवून वाचतात) कुठंतरी सरळ रेष सापडतेच.

---

हिरवं_पान (परभणी)

मूळ प्रश्नाबाहेरचं थोडं, पण दुखणं तेच. हरभऱ्याची पर्णिका पोर्टपेक्षा बरीच लहान असते. मास्कमध्ये एक पर्णिका मावत नसेल तर पर्णिका शेजारी शेजारी, एकमेकींवर न चढवता लावायच्या आणि मधल्या फटींचं क्षेत्रफळ काढायचं. ट्रान्समिशनमधून फटींचा वाटा वजा करून उरलेलं पानांच्या वाट्यानं भागायचं. फटीचा अंदाज ६७० नॅनोमीटरला पक्का लागतो. तिथं हिरवं पान बहुतेक सगळा प्रकाश खातं, त्यामुळं पलीकडं पोचलेला बराचसा प्रकाश फटीतलाच. ८०० नॅनोमीटरला हाच प्रयोग फसवतो, कारण तिथं पान स्वतःच ४० टक्क्यांच्या घरात प्रकाश पलीकडं सोडतं.

पान जाड असेल तर मास्कचं भोक पानापेक्षा बरंच लहान ठेवा. पानात शिरलेला प्रकाश आडवा पसरतो आणि भोकाच्या मागच्या बाजूला, मास्कच्या सावलीत बाहेर पडतो. तो मोजलाच जात नाही, रिफ्लेक्टन्स कमी दिसतो. दुधी काच, जाड खनिजं, दाबलेल्या गोळ्या, सगळ्यांना हे लागू आहे. ५०० नॅनोमीटरच्या फिल्मला नाही.

---

थर_नांदेड

सगळ्यांचे आभार. सिलिकॉन चिकटवून बघितला, गळती ५.१ टक्के निघाली. पितळेच्या ३ मिमी मास्कनं तीच ०.०२ झाली. मागची बाजू पुसलेली नव्हती, आता पुसली. कोऱ्या काचेची बेरीज ५५० ला ९९.७. फिल्मचा ॲब्सॉर्बन्स ४५० ला २.१ पर्यंत जातोय आणि खाली अजून चढतोय.

एक खोड राहिलीय : ३४० ला सगळ्या आलेखांत अर्ध्या-पाऊण टक्क्याची पायरी दिसते. मास्क काढला की जाते. आणि दुपारची मापं सकाळच्या मापांशी जुळत नाहीत.

---

काजळी

३४० ला तुमच्या मशीनमध्ये दिवा बदलतो. वर हॅलोजन, खाली ड्युटेरियम. दोन्ही दिव्यांच्या प्रतिमा सॅम्पलच्या जागी अगदी एकाच ठिकाणी, एकाच मापाच्या पडत नाहीत. पूर्ण बीम वापरताना त्यानं बिघडत नाही, पण ३ मिमीच्या भोकात एकाची मधली आणि दुसऱ्याची कडेची बाजू येते. सॅम्पल थोडं तिरकं असलं किंवा थर त्या भागात कमीजास्त असला की पायरी उमटते. आधी सॅम्पल मास्कला सगळीकडून टेकलंय का ते बघा. मग मास्क बाजूला अर्धा-अर्धा मिमी सरकवत रिकाम्या मास्कमधली ऊर्जा ३३० आणि ३५० ला बघा, दोन्ही ठिकाणी जास्तीत जास्त मिळेल तिथं पक्का करा. तसं तर साधी काच ३२० च्या खाली झपाट्यानं बंद होते, त्यामुळं ३४० च्या खालचा तुमच्या उपयोगाचा तुकडा फार लहान आहे.

सकाळ-दुपारचा फरक : दिवे लावून निदान अर्धा तास, उन्हाळ्यात एक तास जाऊ द्या. बेसलाइन दर तासाला नवी घ्या, आणि लाईट जाऊन आली तर लगेच. यूपीएसवर मशीन चालू राहिलं तरी एसी बंद पडलेला असतो. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं खोली चाळिशीला गेली की डिटेक्टरचा काळोखातला करंटही वाढतो, मास्कमुळं सिग्नल आधीच चौथाई असल्यानं तो जास्त जाणवतो. कोऱ्या काचेचा तुकडा दर पाच सॅम्पलनंतर मधे घाला. बेरीज ९९ ते १०१ च्या बाहेर गेली की मागची पाचही परत.

---

पांढरी_पेटी

पांढरी चकतीही एकदा बघून घ्या. धूळ आणि बोटांचे डाग आधी ४०० च्या खाली दिसतात. चकती सिंटर्ड टेफ्लॉनची असेल तर २२० ते २४० नंबरच्या वॉटर पेपरवर, वाहत्या पाण्यात, आठच्या आकड्यात घासायची. शेवटचं पाणी डिस्टिल्ड. बोअरचं पाणी तसंच वाळलं तर क्षार वर राहतात. दाबलेल्या बेरियम सल्फेटची चकती मात्र घासायची नाही, नवीनच दाबायची.